मोडलें म्हणजे संपलें काय?

गेल्या श्रावणांत आमच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप येऊन पडला. तो आमच्या थोरल्या बहिणीचा. साताऱ्याच्या एका शाळेंत तिनें आयुष्यभर भूगोल शिकविला. २०१२ सालीं, निवृत्तीच्या सुमारास, तिनें हा लॅपटॉप घेतला आणि पुढें बरीच वर्षें तो वापरला. २०२५ च्या माघांत ती गेली. तिचें घर आवरतांना कपाटाच्या खालच्या कप्प्यांत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत नीट गुंडाळून ठेवलेला, तो आमच्या भाच्याला सांपडला. भाचा बंगळूरला नोकरीस असतो. परत जातांना तो आमच्याकडे उतरला आणि लॅपटॉप आमच्या हातीं देऊन म्हणाला, "मामा, हा सुरू होत नाहीं. आईचें कांहीं त्यांत असलें तर काढून घ्या, आणि मग टाकून द्या."

भाच्याच्या बोलण्यांत निष्ठुरता नव्हती. आईच्या आजारपणांत त्यानें जें केलें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तो आजच्या व्यवहाराची भाषा बोलत होता, आणि ती भाषा आम्हीही रोज बोलतों. तथापि त्या दोन वाक्यांनीं आमच्या मनांत एक प्रश्न उभा केला, आणि तो पुढें कित्येक दिवस आम्हांस सोडीना. बंद पडलेल्या वस्तूचें आपण कांहीं देणें लागतों काय? लागत असलों, तर तें त्या वस्तूचें, कीं ती वापरणाऱ्या माणसाचें? आणि 'टाकून देणें' ही क्रिया आपण समजतों तितकी साधी व निर्दोष आहे काय? प्रश्न एका किरकोळ यंत्रावरून निघाला म्हणून वाचकांनीं त्यास किरकोळ मानूं नये, एवढीच विनंति आहे. मोठे प्रश्न मोठ्या दारानेंच येतात असें नाहीं. पुष्कळ वेळां ते स्वयंपाकघराच्या किंवा अडगळीच्या खोलीच्या दारानें येतात.

प्रथम 'सुरू होत नाहीं' या शब्दांचाच विचार करूं. कळ दाबल्यावर लॅपटॉपच्या पोटांत काय घडतें, हें आम्हीं या निमित्तानें पहिल्यानें समजून घेतलें. मुख्य पाटीवरचा एक लहानसा नियंत्रक, वीज जोडलेली असली म्हणजे, सदैव अर्धवट जागा असतो. कळ दाबतांच तो निरनिराळ्या दाबांच्या विजा ठराविक क्रमानें सोडूं लागतो. बाहेरून येणारा सुमारें १९ व्होल्टांचा दाब कोठें ५, कोठें ३.३, आणि प्रोसेसरपाशीं तर सुमारें १ व्होल्टाइतका खालीं उतरवावा लागतो. हे सारे दाब यथास्थित आले म्हणजे प्रोसेसर जागा होतो आणि एका छोट्या चिपेंत सांठविलेल्या आरंभींच्या आज्ञा वाचूं लागतो. त्या आज्ञांप्रमाणें तो आधीं रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, तपासणी करतो. मग पडदा उजळतो. आणि सर्वांच्या शेवटीं डिस्ककडे वळून तेथें निजलेल्या मोठ्या व्यवस्थेला हांक मारतो. या सांखळीची कोणतीही एक कडी निखळली, तरी बाहेर बसलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते: काळा पडदा.

म्हणजे 'सुरू होत नाहीं' हें रोगाचें नांव नव्हे. तें आपल्या अज्ञानाचें नांव आहे. चार्जरची तार आंतून तुटलेली असेल. रॅमच्या पट्टीचीं सोनेरी टोकें मळलीं असतील, आणि तीं खोडरबरानें पुसून परत बसविलीं कीं काम भागेल. यंत्रांत अडकून राहिलेला वीजभार काढून टाकण्यासाठीं बॅटरी व चार्जर दूर करून कळ अर्धा मिनिट दाबून धरली, तर एवढ्यानेंही तें उठेल. पडदा तेवढा गेला असेल आणि मागें यंत्र बिचारें निमूटपणें चालत असेल. हे सारे प्रकार एकमेकांहून इतके भिन्न आहेत कीं त्यांस एका शब्दांत बांधणें म्हणजे ताप, मोडलेलें हाड आणि मौनव्रत या तिहींस 'माणूस बोलत नाहीं' असें म्हणून एकाच औषधाची पुडी देण्यासारखें आहे. आम्हीं घरीं होतील ते उपाय केले. पट्टी पुसली, कळ दाबून धरली, शेजाऱ्यांकडचा चार्जर आणून लावून पाहिला. पडदा काळाच राहिला.

मग आम्ही तो कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती-केंद्रांत नेला. तेथील तरुणानें अत्यंत सौजन्यानें आमचें ऐकून घेतलें, यंत्राचा क्रमांक आपल्या पडद्यावर पाहिला आणि सांगितलें कीं मुख्य पाटी बदलावी लागेल. या जुन्या नमुन्याची पाटी आतां मिळणें कठीण. मिळाली तरी १८,००० रुपये पडतील. तेव्हां त्यांत थोडी भर घालून नवाच घेतलेला बरा. त्यानें यंत्र उघडून पाहिलें नाहीं. यांत त्याचा दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या व्यवस्थेंत तो काम करतो तींत बिघाड शोधण्याचा वेळ महाग असून पाटी स्वस्त आहे. आणि पाटी मिळत नसली तर नवें यंत्र त्याहून सोयीचें आहे. शोधणारा माणूस तेथें परवडत नाहीं. ही गोष्ट मनांत ठेवावी. आमच्या पुढील विचाराचा धागा येथूनच निघतो.

शेवटीं एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लींत गेलों. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानासाठीं ही गल्ली जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. जिन्याखालच्या एवढ्याशा जागेंत एक तिशीचा गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याच्या मागें मेलेल्या लॅपटॉपांच्या पाट्या वहीच्या पानांसारख्या एकीवर एक रचून ठेवलेल्या. त्यानें आमची हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला: "काका, तुम्हांला यंत्र हवें आहे, कीं यंत्रांतलें हवें आहे?"

आम्ही गोंधळलों. त्यानें समजावून सांगितलें कीं डिस्क ही स्वतंत्र वस्तु असते. दोन स्क्रू काढले कीं ती हातांत येते, आणि दुसऱ्या यंत्रास जोडली कीं तिच्यांतलें सारें लिखाण दहा-पंधरा मिनिटांत उतरवून घेतां येतें. त्यासाठीं लॅपटॉप जिवंत करण्याची गरज नाहीं. "यंत्रांतलें हवें असेल तर तुमचें काम आत्तां होईल. यंत्र हवें असेल तर दोन-चार दिवस बघावें लागेल, आणि खात्री देत नाहीं."

प्रश्न साधा, पण त्यानें आमची मोठी अडचण केली. भाच्यानें सांगितलेलें काम पंधरा मिनिटांत होणार होतें. मग आम्ही या काळ्या पेटीसाठीं इतके कां खपत होतों?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत देहाला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. दुरुस्ती करणाऱ्या त्या गृहस्थाचें म्हणणें थोडेंबहुत तसेंच होतें. लिखाण हा देही. पेटी हें वस्त्र. देही दुसऱ्या वस्त्रांत गेला कीं पहिल्याचा शोक कसला? उपमा मोठी सुंदर आहे, आणि मृत्यूच्या दुःखावर तिच्याइतकें थंड औषध दुसरें क्वचितच सांपडेल. परंतु वस्त्रांच्या बाबतींत आपल्या आया-आज्यांनीं ती कधीं पाळलेली आम्हीं पाहिली नाहीं. आमच्या आईचें लुगडें जुनें झालें कीं त्याची गोधडी होई. गोधडी विरली कीं तिचें पायपुसणें. आणि त्याच्याही चिंध्या झाल्या कीं शेवटची चिंधी कंदिलाची कांच पुसण्यास जाई. 'टाकणें' असा एक क्षण त्या कापडाच्या आयुष्यांत दाखवितांच आला नसता. देह टाकण्याचें तत्त्वज्ञान आपण पुरुषांनीं पाठ केलें. वस्त्र न टाकण्याचें तत्त्वज्ञान बायकांनीं पाठ न करतांच चालविलें. दोहोंत विरोध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं आत्मा श्रेष्ठ ठरला म्हणून वस्त्राविषयींचें कर्तव्य संपत नाहीं.

दुसरा एक जुना प्रश्न येथें उपयोगीं पडतो. अथेन्सच्या लोकांनीं थीसियस या वीराचें जहाज जपून ठेवलें होतें. फळी कुजली कीं ती काढून नवी बसवीत. होतां होतां सगळ्या फळ्या बदलल्या. प्लूटार्क सांगतो कीं तत्त्वज्ञांत यावरून वाद होई: जहाज तेंच कीं दुसरें? १७ व्या शतकांत हॉब्ज यानें त्यांत आणखी एक पेंच टाकला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणीं गोळा करून त्यांचें जहाज पुन्हां बांधलें, तर खरें कोणतें? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु राजा मिलिंदास असेंच विचारतो: चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि अखेर 'रथ' हें त्या सर्वांच्या जुळणीस व्यवहारांत दिलेलें नांव आहे असें ठरतें.

या वादांत शिरण्याची आमची योग्यता नाहीं; पण दुरुस्तीच्या बांकावर बसल्यावर त्याची एक बाजू आम्हांस नव्यानें दिसली. तत्त्वज्ञ फळ्यांकडे पाहतात. फळ्या बदलणाऱ्या हातांकडे कोणी पाहत नाहीं. अथेन्सचें जहाज 'तेंच' राहिलें, तें एखादी फळी जुनी उरली म्हणून नव्हे. तें तसें राहिलें, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्याच्यापाशीं जात होतें, कोणती फळी कुजली तें पाहत होतें, आणि ती बदलीत होतें. जहाजाची अखंडता लांकडांत नव्हती, राखण्यांत होती. हॉब्जच्या जुन्या फळ्या सगळ्या खऱ्या असतील; पण त्या फेंकलेल्या होत्या, आणि मधल्या काळांत त्यांची विचारपूस कोणीं केली नव्हती. वस्तु आपली असते ती आपण तिचे पैसे दिले म्हणून, हें कायद्याचें उत्तर. तिला काय झालें हें आपण विचारतों म्हणून ती आपली असते, हें आम्हांस सुचलेलें उत्तर.

येथें विचारी वाचक दोन-तीन आक्षेप घेतील, आणि ते घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं हें सारें गरिबीचें उदात्तीकरण आहे. पूर्वींचे लोक दुरुस्ती करीत, कारण नवें घेण्याची ऐपत नव्हती. कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, पाट्याला टांकी लावणारी बाई, हीं माणसें आपल्या आठवणींत रम्य वाटतात. त्यांना स्वतःला तें जिणें रम्य वाटलें असेल असें नाहीं. गोधडी शिवणाऱ्या हातांना सुई टोंचत होती. हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्याला दुसरा उपायच नाहीं त्याच्या काटकसरीस सद्गुण म्हणणें ही सुखवस्तु माणसाची लबाडी आहे. परंतु यावरून दुरुस्तीची किंमत कमी ठरत नाहीं. उलट प्रश्न आपल्यावर येतो. गरजेपोटीं केलेली दुरुस्ती हा गुण नसेल. पण ज्याला नवें घेतां येतें त्यानें जुन्याकडे बघण्याचें ठरविलें, तर तें निवडलेलें कर्म होतें, आणि नीति तर निवडीपासूनच सुरू होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. जुनीं यंत्रें मंद असतात आणि सुरक्षितही नसतात. हेंही खरें. विंडोज १० या व्यवस्थेचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला, आणि विंडोज ११ ला २०१२ च्या सुमाराचीं यंत्रें अधिकृतपणें चालत नाहींत. अंगांत कांहीं बिघाड नसतांही यंत्र निकामी ठरण्याचा हा नवा प्रकार आहे. लिनक्ससारखी मोफत व्यवस्था घालून अशा यंत्रांस पुष्कळ वर्षें चालवितां येतें. पण प्रत्येकास तें जमेल असें नाहीं, आणि बँकेचे व्यवहार आधार सुटलेल्या व्यवस्थेवर करणें शहाणपणाचें नाहीं. तेव्हां जुनें तेवढें राखावें असा सिद्धान्त आम्ही मांडीत नाहीं. इतकेंच ध्यानांत असावें कीं लॅपटॉपच्या एकंदर आयुष्यांत जो कर्बवायु हवेंत सोडला जातो, त्याचा फार मोठा भाग तो वापरण्यांत नव्हे, बनविण्यांत खर्ची पडतो. म्हणून चालतें यंत्र एखाद्या वर्षानें अधिक चाललें तर तो लाभ खरा आहे.

तिसरा आक्षेप असा कीं वस्तु ती वस्तु; तिला वेदना नाहीं, हक्क नाहीं; तिच्याविषयीं कर्तव्य कसलें? हा सर्वांत बळकट. त्यास उत्तर देण्यासाठीं टाकलेली वस्तु जाते कोठें, हें पाहिलें पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगानें ६.२ कोटि टन विद्युत्-कचरा निर्माण केला, आणि त्यांतला रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणल्याची नोंद असलेला भाग अवघा २२.३ टक्के होता. उरलेल्याचें काय होतें तें दिल्लीच्या सीलमपूर भागांत पाहावयास मिळतें. तेथें माणसें हातोड्यानें यंत्रें फोडतात, तांब्यासाठीं तारा जाळतात, पाट्यांवरचा सोन्याचा अंश मिळविण्यासाठीं त्या आम्लांत बुडवितात. त्या धुराला आणि त्या आम्लाला वेदनेशीं कर्तव्य नसेल. पण तीं ज्यांच्या फुफ्फुसांत व बोटांत जातात त्यांस वेदना आहेत. आपण 'टाकलें' असें म्हणतों तेव्हां खरोखर 'दुसऱ्याकडे लोटलें' एवढेंच घडलेलें असतें. घराला बाहेर असतें. पृथ्वीला बाहेर नाहीं.

वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम चालविणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनीं तुरुंगांत असतांना लिहिलेल्या आणि १९४५ च्या सुमारास पुढें आलेल्या आपल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या ग्रंथांत निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले आहेत: एक वाहत्या प्रवाहासारखी, जी पुन्हां पुन्हां येते, दुसरी सांठ्यासारखी, जी काढली तितकी कमी होते. कोळसा, तेल, धातु हीं सांठ्याचीं. लॅपटॉप त्यांच्या वेळीं नव्हता; पण त्यांचा हिशेब त्यास तंतोतंत लागतो. आंतलें तांबें, सोनें, कोबाल्ट यांपैकीं कांहींही पुढच्या पावसाळ्यांत नव्यानें उगवणार नाहीं.

या सर्व गोष्टी सरकारांच्याही लक्षांत येऊं लागल्या आहेत. फ्रान्सनें १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह कांहीं वस्तूंवर, ती वस्तु कितपत दुरुस्त करतां येते, त्याचे दहापैकीं गुण छापण्याची सक्ति केली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें 'दुरुस्तीचा हक्क' याचा आराखडा तयार करण्यासाठीं समिति नेमली. सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती उघड असावी, बाहेरच्या कारागिरास मज्जाव नसावा, या मागण्या न्याय्य आहेत आणि त्या लवकर पुऱ्या व्हाव्यात. परंतु कायदा सुटा भाग देऊं शकेल, नकाशा देऊं शकेल; बंद पडलेल्या गोष्टीपाशीं तासभर बसण्याची इच्छा कायदा कोठून देणार?

आणि आतां जें सांगावयाचें तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

हा लॅपटॉप अकस्मात् बंद पडला नव्हता. २०२३ च्या उन्हाळ्यापासून तो तिला त्रास देत होता. ती फोनवर सांगे: "अरे, हा मध्येंच विझतो. एकदां येऊन बघशील का?" आम्ही दर वेळीं म्हणत असूं, "ताई, जुना झाला आहे तो. नवा घेऊन देतों." ती म्हणे, "नवा नको रे. तूं येऊन बघ." पुणें-सातारा अंतर फार तर अडीच-तीन तासांचें. आम्ही गेलों नाहीं. आम्हीं पैसे पाठविले. ते तिनें परत केले नाहींत, आणि त्यांचा लॅपटॉपही घेतला नाहीं. त्या वर्षीं आषाढांत तो कायमचा बंद पडला, तेव्हां तिनें तो लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवला आणि पुन्हां त्याविषयीं बोलली नाहीं.

'नवा घेऊन देतों' हें वाक्य आम्हांस तेव्हां औदार्याचें वाटलें होतें. आज त्याचा अर्थ निराळा दिसतो. पैसे देणें आम्हांस सोपें होतें, वेळ देणें अवघड होतें. आणि जें अवघड होतें तें टाळण्यासाठीं आम्हीं जें सोपें होतें तें पुढें केलें. दुरुस्ती-केंद्रांतल्या त्या तरुणास शोधण्याचा वेळ परवडत नव्हता, हें आम्हीं वर लिहिलें आहे. आम्हांसही तो परवडत नव्हता. त्याचा तो धंदा होता. आमची ती बहीण होती.

म्हणून त्या गृहस्थाच्या प्रश्नाला आम्हीं उत्तर दिलें: "दोन्ही हवें आहे. किती दिवस लागतील ते लागूं देत. आणि तुम्ही काम करतांना आम्हांस बसूं द्या." तो हंसला आणि त्यानें एक स्टूल पुढें सरकविलें.

चौथ्या दिवशीं दोष सांपडला. तो शोधण्याची रीत आम्हीं तेथें बसून पाहिली. मल्टिमीटरवरून त्यास कळलें कीं मुख्य दाबाची वाट कोठेंतरी थेट जमिनीला मिळाली आहे. म्हणून नियंत्रक वीज सोडण्याचेंच नाकारीत होता. पण त्या एका वाटेवर डझनावारी बारीक कपॅसिटर होते, आणि त्यांपैकीं कोणता फुटला हें डोळ्यांनीं दिसत नव्हतें. त्यानें पाटीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब पसरले आणि अगदीं कमी दाबाची वीज त्या वाटेंत सोडली. सगळी पाटी ओली होती. एका ठिकाणीं मात्र ओल झपाट्यानें उडाली. तेथें ऊन लागत होतें. तोच तो. तिळाएवढा तो तुकडा त्यानें उष्ण हवेनें उचलला, आणि मागच्या एका मेलेल्या पाटीवरचा दुसरा काढून तेथें बसविला. मजुरीचे १,२०० रुपये झाले.

कळ दाबली. पंखा फिरला. घड्याळ जागें ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी केव्हांच संपली होती, म्हणून यंत्र जागें झालें तें १ जानेवारी २०१२ ही तारीख सांगतच.

आंत काय होतें तें वाचकांस सांगण्यास हरकत नाहीं. त्यांत गुप्त असें कांहीं नव्हतें. भूगोलाचे पाठ होते, विद्यार्थ्यांचीं पत्रें होतीं, आणि एक लांबलचक तक्ता होता. गच्चीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकावरून रोज सकाळीं घेतलेली पावसाची नोंद. २०१२ च्या जूनपासून सलग अकरा पावसाळे, एकही दिवस न चुकवितां, मिलिमीटरांत. बाराव्या पावसाळ्याचे आरंभींचे दिवस. आणि मग आषाढांतल्या एका तारखेपाशीं तक्ता थांबतो. भाच्यास विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें कीं त्यापुढचे थोडे दिवस तिनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींत आंकडे लिहिले होते. भाद्रपदापुढें तेही नाहींत. यंत्र बंद पडलें म्हणूनच तिनें छंद सोडला, असें आम्ही म्हणणार नाहीं. वय होतें, गच्चीचा जिना होता, आजार तेव्हांच सुरू झाला असेल. पण एवढें खरें कीं साताऱ्याच्या त्या गच्चीवर त्यानंतर दोन पावसाळे पडले आणि त्यांची नोंद नाहीं. अकरा वर्षांचा तक्ता डिस्क उचलून वांचवितां आला असता. त्या दोन पावसाळ्यांची नोंद मात्र जगांतला कोणताही कारागीर आतां काढून देऊं शकत नाहीं.

यावरून आमच्यापुरता जो निष्कर्ष निघाला तो लहान आहे. मोडलेली प्रत्येक वस्तु दुरुस्त करावी, असा तो नाहीं. कांहीं वस्तु खरोखरच संपतात. त्यांना धरून बसणें हा मोह आहे, आणि मोहाला निष्ठेचें नांव देऊं नये. परंतु मोडलेल्या गोष्टीपुढें आपलें पहिलें कर्तव्य तिला वांचविणें हें नसून तिला काय झालें हें विचारणें हें आहे. तेवढें विचारून झाल्यावर ती राखावी, दुसऱ्यास द्यावी, किंवा रीतसर विल्हेवाट लावणाऱ्याच्या हवालीं करावी. तिन्ही मार्ग निर्दोष आहेत. न विचारतां टाकणें हा मात्र दोष आहे, मग टाकलेली वस्तु कितीही स्वस्त असो. आणि वस्तूंच्या बाबतींत ही संवय सुटली कीं ती तेथेंच थांबत नाहीं. जुनी संस्था, जुना स्नेह, म्हातारें माणूस, यांच्याविषयींही आपण हळूहळू 'चालत नाहीं' एवढेंच म्हणूं लागतों, आणि तें निदान आहे असें समजतों.

लॅपटॉप सध्यां आमच्या टेबलावर आहे. बॅटरी मेलेली असल्यानें तो सदैव तारेला बांधलेला असतो; पडद्याची एक बिजागरी सैल आहे; चालतो तोही सावकाश. दोन-चार वर्षांत तो पुन्हां बंद पडेल, आणि कदाचित् तेव्हां खरोखरच संपेल. त्या वेळीं आम्ही तो शांतपणें जाऊं देऊं. मात्र आधीं त्याला काय झालें तें विचारूं.